साक्षीच्या वहीतला बिबट्या

"कॉन्फॅब्युलेशन," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या मुलाकडे बघितलं.

तेव्हाच मी ओळखलं की आपलं काही खरं नाही. डॉक्टर पेशंटला सोडून नातेवाइकाकडे बघायला लागला, की समजावं, आपली गणना आता सामानात झाली.

शब्दाचा अर्थ त्यांनीच सांगितला. आठवणीत भोक पडतं आणि मेंदू ते भोक रचलेल्या गोष्टीने बुजवतो. माणूस मुद्दाम खोटं बोलत नाही, त्याला ते खरंच वाटत असतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, त्याची ही सुरुवात असू शकते. एमआरआय करू, रक्त तपासू, पंधरा दिवसांनी मेमरी टेस्ट परत घेऊ. "मग नानांना वरच्या मजल्यावर हलवायचं का ते ठरवू."

मी म्हटलं, "मॅडम, मी मुद्दामच खोटं बोलतो. सत्तर वर्षांचा अनुभव आहे."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, किंवा जे स्वतःच म्हातारे होण्याच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं सांगतो. यातलं काय खरं, ते ओळखायची खूण शेवटी देईन.

मी मूळचा सायखेड्याचा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं बॉयलरवर काढली. माझी शिफ्ट असली की नाशिक रोडचे दिवे इतके लख्ख पेटत की कोंबडे दिवसातून तीनदा आरवत. गेल्या वर्षी खुबा मोडला. फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर, म्हणजे मांडीचं हाड खुब्याच्या सांध्यापाशी मोडणं. लोकांना मी सांगतो, गोदावरीच्या पुरातून बैल ओढून काढताना मोडला. मोडला तो न्हाणीघरात, साबणाच्या वडीवर.

बायको आधीच गेलेली. मुलगा सुनील पुण्यात, दोघंही नवराबायको नोकरीवर. ऑपरेशननंतर त्याने मला इथे आणलं, नाशकातल्या चर्चच्या नर्सिंग होममध्ये. आमच्यात कोणी ख्रिस्ती नाही, पण इथली शुश्रूषा चांगली असं ऐकलं होतं, आणि ते खरं निघालं. खालच्या मजल्यावर आम्ही हिंडतेफिरते. व्हरांडा, पेरूची तीन झाडं, फाटकापर्यंत मोकळीक. वरच्या मजल्यावर ज्यांची आठवण गेली ते. त्यांचं सगळं नीट करतात, भरवतात, भांग पाडतात, त्यांच्याशी बोलतात. पण जिन्याच्या दाराची कडी बाहेरून लावलेली असते, कोणी पडू नये म्हणून.

ज्याने चौतीस वर्षं वाफेचे व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने फिरवले, त्याला आतून न उघडणारं दार बघवत नाही. मला फक्त त्या कडीची भीती.

आता हे कॉन्फॅब्युलेशन आलं कुठून ते ऐका. इथे रोज संध्याकाळी प्रार्थना होते, आणि तिच्या शेवटाकडे साक्ष. म्हणजे एकेकाने उभं राहून सांगायचं, आज देवाने माझ्यासाठी काय केलं. कोणी सांगतं गुडघा कमी दुखला, कोणी सांगतं नातीचा फोन आला. मला वाटलं, ही गोष्टींची फेरी आहे. पहिल्याच आठवड्यात मी उभा राहिलो आणि बॉयलर हाऊसमध्ये शिरलेल्या बिबट्याला मी अर्धी भाकर घालून कसा बाहेर काढला, ते सांगितलं. लोक हसून हसून आडवे झाले. मग काय, रोज एक. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरावरून मी शिट्टी मारली ती एकलहऱ्याला भोंगा म्हणून ऐकू आली, हीसुद्धा माझी साक्षच.

इथली नर्स रूथ सिस्टर. पोरगी मन लावून काम करणारी. साक्षीला उभं राहून कोणी खोटं बोलतं, हे तिच्या कल्पनेतही नाही. लहानपणापासून तिने तसं कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा तिने विचार केला, नाना बोलतात म्हणजे नानांना ते खरंच वाटतंय. आणि पाच महिने ती रोज रात्रीच्या गोळ्यांच्या नोंदीखाली लिहीत गेली: पेशंटने बिबट्याला भाकर दिल्याचे सांगितले. पेशंटच्या शिट्टीला भोंगा समजले गेल्याचे सांगितले. ती वही डॉक्टर मॅडमच्या हातात पडली.

माझ्या खोलीतले शांतवन मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, वय चौऱ्याऐंशी, जीभ पंचविशीतली. ते म्हणाले, "नाना, साक्ष म्हणजे कोर्टातल्यासारखी खरी. तुम्ही देवासमोर पाच महिने थापा मारल्या."

"मग आधी सांगायचं ना मास्तर."

"मला करमणूक होत होती."

सगळ्या नर्सांच्या वरच्या मेट्रनबाईंनी तोड काढली. पंधरा दिवस नानांनी साक्षीत त्या दिवशी घडलेलं एकच सांगायचं, शुद्ध खरं. रूथने लिहायचं आणि पडताळायचं. मग ती वही डॉक्टरांपुढे.

मी म्हटलं, त्यात काय. पण खरं बोलणं किती कठीण असतं, ते साधूंना विचारा. पहिल्या दिवशी उभा राहिलो आणि म्हणालो, "आज दोडक्याची भाजी होती." मार्थाबाई म्हणून आहेत, चांदोरीकडच्या, त्यांनी काळजीने विचारलं, "नाना, बरं वाटत नाय का आज?"

त्या पंधरा दिवसांत मी एका जागी बसलो नाही. वॉकर घेऊन व्हरांड्याच्या इतक्या फेऱ्या मारल्या की सरळ रस्त्याने गेलो असतो तर इगतपुरी गाठली असती. जेवताना उठायचो, प्रार्थनेत उठायचो. एमआरआयला नेलं तिथे वेटिंग रूममध्ये अडीच तास. समोरच्या टीव्हीवर एकच जाहिरात, आणि शेजारचा माणूस दर पाच मिनिटांनी विचारी, "तुमचं काय?" आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर रचता आलं नाही. मी म्हटलं, "माहीत नाही."

एमआरआयमध्ये स्मॉल व्हेसल चेंजेस आले, म्हणजे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या झिजलेल्या. या वयात पुष्कळांना असतं, म्हणे. रक्तात बी ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व फार कमी. त्यानेही विसरायला होतं. इंजेक्शनं सुरू झाली.

अकराव्या दिवशी, बुधवारी, मी साक्षीला उभा राहिलो. सांगण्यासारखं चांगलं होतं म्हणून खुशीत होतो. म्हणालो, "आज सकाळी सुनील आला. द्राक्षांचा खोका आणला. मी आणि मास्तरांनी पेरूखाली बसून खाल्ली."

मास्तर ओरडले, "आले, नाना परत आले. अहो, मी सकाळभर मोतीबिंदूवाल्या डॉक्टरकडे होतो." सगळी प्रार्थनेची खोली हसली. मार्थाबाईंनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो.

रूथ सिस्टरचं पेन मात्र थांबलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे.

खोलीत जाऊन खाटेखालून खोका ओढला. रिकामा. तळाशी दोन सुरकुतलेली द्राक्षं आणि वाळकी देठं. सुनील रविवारी येऊन गेला होता. मी शंभर टक्के खरं समजून बोललो होतो, आणि ते खोटं निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी बीपी बघायला रूथ आली. पट्टा बांधता बांधता हळूच म्हणाली, "नाना, कालचं अजून लिहिलं नाही. थाप म्हणून लिहू की साक्ष म्हणून?"

बघा, केवढी सोय होती. थाप म्हटलं की विषय संपला. मी नामांकित थापाड्या, कोणाला शंकाही आली नसती. कडी बाहेरची बाहेर राहिली असती. पट्टा फुगत होता आणि मला जिन्याचं दार दिसत होतं. मग वाटलं, मी बॉयलरवरचा माणूस. प्रेशरचा काटा लाल रेघेपाशी गेला आणि ऑपरेटरने वहीत हिरवा लिहिला, तर पुढे काय होतं ते मला कोणी सांगायला नको.

"साक्ष म्हणून लिही," म्हटलं.

त्या वेळी बीपी एकशे ऐंशी आलं. ते मात्र तिने पाच मिनिटं थांबून परत मोजलं.

चार दिवसांनी मेमरी टेस्ट झाली. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते, तीन आठवले. घड्याळ बरोबर काढलं. डॉक्टर मॅडमनी वही वाचली, बुधवारच्या पानावर थांबल्या, आणि या खेपेला माझ्याकडे बघून बोलल्या. "माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. म्हणजे आठवण थोडी घसरली आहे, पण रोजचं तुमचं तुम्हाला जमतंय. हा स्मृतिभ्रंश नाही. पुढे होईल किंवा होणारही नाही. इंजेक्शनं घ्या, चाला, दर सहा महिन्यांनी दाखवा."

"आणि वरचा मजला?"

"आत्ता गरज नाही. हे बुधवारचं तुम्ही लपवलं असतं तर आठवण कुठे घसरते ते मला कळलंच नसतं, आणि बी ट्वेल्व्हने पुढे फरक पडतोय का तेही."

'आत्ता' हा शब्द मी ऐकला. तो खिशात ठेवला आहे. त्याला घेऊनच हिंडतो.

तर सांगायचं एवढंच, की डॉक्टरपुढे शौर्य सांगू नका आणि लाजूही नका. आणि घरच्यांनी म्हाताऱ्याच्या गोष्टीला हसावं, पण एकाने तरी मधूनमधून पेन थांबवावं. मला रूथ मिळाली. तिचे उपकार मानायला माझ्याकडे पुरेल एवढी थाप नाही.

आता ती खूण. मेट्रनबाईंशी ठरलंय, टोपी काढून बोललो तर थाप, टोपी घालून बोललो तर साक्ष. रूथ दोन्ही लिहिते, वेगवेगळ्या पानांवर. हे सगळं मी टोपी घालून लिहिलंय, कोंबडे, शिट्टी आणि इगतपुरी सोडून. बिबट्याचं मी अजून ठरवलेलं नाही.

गेल्या आठवड्यात साक्षीला उभा राहिलो आणि म्हणालो, "आज दुपारी वानराने चर्चच्या पाळकसाहेबांचा चष्मा पळवला आणि पेरूवर बसून माझ्याकडे बघितलं." सगळे हसले, मास्तर तर ठसकले. हात डोक्यावर नेला. टोपी होती. मी रूथकडे बघितलं.

"हसताय काय," ती म्हणाली, "खरं आहे. चष्मा मीच झाडाखालून उचलला. एक काच फुटली आहे."

"मग लिही," म्हटलं, आणि खाली बसलो. शेवटची प्रार्थना संपेपर्यंत एकदाही न उठता बसून राहिलो.