टो द लाइन

“बोटं कुठे आहेत? बोटं!” असं ओरडत ते यायचे, आणि आमची नजर आधी स्वतःच्या पायांकडे जायची.

नवी मुंबईतल्या पावणे गावच्या आमच्या केमिकल कंपनीत ते शिफ्ट सुपरवायझर होते, मी लॅबमध्ये. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रिअ‍ॅक्टरच्या त्या मोठ्या भांड्याभोवती त्यांनी पिवळी रेषा मारून घेतली होती. ज्याचं काम नाही, त्यानं बाहेर राहायचं. “टो द लाइन! शर्यतीत पळणारे कसे पायाची बोटं रेषेला लावून उभे राहतात? तसं. म्हणजे काय, तर नियम पाळणं.” हा अर्थ ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी समजावत. जुन्यांनाही समजावत. चहाच्या रांगेत कुणी घुसलं की आम्हीच ओरडायचो, “टो द लाइन!” तेही हसायचे. पण हसताना डोळे प्रेशरच्या काट्याकडे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जेवतानासुद्धा ती कसला तरी आवाज ऐकत असतात.

एका दुपारी काटा लाल खुणेपुढे गेला. अशा वेळी वाफ बंद करायची, माणसं बाहेर काढायची, हा नियम. मॅनेजर धावत आले. “माल आजच जायचाय. थोडा वेळ चालू ठेवा. वरून ऑर्डर आहे. यू हॅव टू टो द लाइन!”

सुपरवायझर काट्यावरची नजर न काढता म्हणाले, “वरचं ऐकायचं, हाही त्याचा अर्थ आहे, साहेब. ठाऊक आहे मला. पण इथं माझी माणसं उभी आहेत.”

त्यांनी व्हॉल्व्ह स्वतः फिरवला आणि आम्हाला गेटबाहेर पिटाळलं.

आम्ही रस्त्यावर, कान कारखान्याकडे. काहीच झालं नाही. काटा हळूहळू उतरला. माल मात्र वाया गेला.

संध्याकाळी त्यांना कामावरून काढल्याचं कळलं. “घाबरट होता,” काही जण म्हणाले. ते मात्र गेटवर माझा हात धरून विचारत राहिले, “तुम्ही केमिस्ट आहात. रिअ‍ॅक्टर खरंच फुटला असता का हो?”



त्या रविवारी त्या दुपारी रिअ‍ॅक्टरवर असलेला, पावण्याचाच आमचा ऑपरेटर जनार्दन मला त्यांच्या नेरूळच्या घरी घेऊन गेला. सामान बांधून झालं होतं. ते भावाकडे पुण्याला निघाले होते. जनार्दननं कागदाची पुडी पुढे केली.

“सुके बोंबील हायेत, सायेब. बायकोनं दिलेत. बोलली, माझा मानूस घरी आला ना.”

त्या घरात मासे कधी शिजले नसावेत. त्यांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली, आणि ती आत ठेवायला खाली बसून बांधलेल्या ट्रंकेची दोरी सोडू लागले.