हळद पोचवणारी कसीरा

कसीराचं आणि माझं साटंलोटं आहे, असं आमच्या गल्लीत पंचवीस वर्षं बोललं जातंय. मी कोपऱ्यावर तेंपे तळते, म्हणजे सोयाबीन आंबवून थापलेल्या वडीचे काप. ती पाठीला बाटल्यांची टोपली बांधून दारोदार जामू विकते, म्हणजे पाल्यामुळ्यांचा औषधी काढा. हळद-चिंचेचा, कडू पाल्याचा, तांदळाचा गोड. आणि तिचा नियम असा, की रिकाम्या पोटी आलेल्याला हळदीचा पेला द्यायचा नाही. आधी काहीतरी तेलातलं खाऊन ये म्हणते. आता तेलातलं म्हटलं की अख्ख्या गल्लीत माझीच कढई. लोकांनी बोलायचं ते बोलले. मला गिऱ्हाईक मिळत होतं, मी कशाला नाही म्हणू?

बरं, खाऊन आलं तरी सुटका नाही. कमरेच्या पट्ट्यातून ती लांब पिंपळीचा तुकडा काढते, तो चावायला लावते, आणि तोंड पेटलं की मगच हळद हातात देते. त्या हळदीतही नारळाचं घट्ट दूध. घंटा ओतणारा म्हातारा सस्त्रो रोज सकाळी तिच्यापुढे उकिडवा बसून कुरकुरायचा.

"यु कसीरा, औषध देतेस की सूड उगवतेस?" आमच्यात थोरल्या बहिणीला यु म्हणतात. सस्त्रो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, तरी यु.

"जीभ पेटली?"

"पेटली ना!"

"मग पोटही जागं झालं. आता पी. आणि तोंड वाकडं करू नकोस, आधीच सरळ नाहीये."

ती हसली की बाटल्या किणकिणतात. तिला अक्षर वाचता येत नाही, पण कुणाचा गुडघा धरलाय, कुणाला अपचन आहे, कुणाची सून पोटुशी आहे, सगळं तोंडपाठ. पिंपळी आणि नारळाचं दूध ही सासूची शिकवण. का, ते सासूनेही सांगितलं नव्हतं. नवरा जकार्ताला बांधकामावर, वर्षातून दोनदा घरी. मुलीला हिने एकटीने वाढवलं. मुलगी वेनिंग. सोलोच्या विद्यापीठात औषधशास्त्र शिकायला गेली तेव्हा कसीराने गल्लीभर फुकट जामू वाटला. मीही तेंपे वाटले, पण त्याची कुणी आठवण काढत नाही.

दुसऱ्या वर्षी वेनिंग सुट्टीला आली आणि माझ्या बाकड्यावर बसून आईला म्हणाली, "आई, हळदीतलं खरं औषध आतडं आत घेतच नाही गं. पोटातून जातं आणि तसंच बाहेर पडतं. रक्तात काहीच पोचत नाही."

"मग सस्त्रोचा खांदा काय माझ्या तोंडाकडे बघून हलतो?"

"तसं वाटतं लोकांना."

झालं. त्या दिवशी मायलेकींचं असं वाजलं की माझा एक घाणा करपला. कसीराला काय झोंबलं ते मला कळत होतं. पंचवीस वर्षं पाठीवर वाहिलेलं ओझं पोटच्या पोरीने एका वाक्यात मातीमोल केलं होतं. पण वेनिंगही काही उद्धट नव्हे. हळद रक्तात पोचवायचीच या हट्टाने तिने शेवटच्या वर्षाला तोच विषय घेतला. हळदीची इतकी बारीक पूड करायची की आतड्याने ती आत घ्यावी. चार महिने पोरगी खलत बसली होती.

पूड तयार झाली. बारा माणसं हवी होती. रात्रीपासून उपाशी राहायचं, सकाळी पूड साध्या पाण्याबरोबर गिळायची, मग तासातासाला रक्त द्यायचं. आयत्या वेळी एकाला ताप आला आणि वेनिंगने आईलाच उभं केलं. कसीराला नंबर मिळाला सात. दंडाला चिकटपट्टी लावून ती गावात अशी मिरवली, जणू लढाईवरून आली.

आठवड्याने वेनिंग आली ती सरळ माझ्या बाकड्यावर कोसळली. अकरा जणांच्या रक्तात हळद नावालाच. चार महिन्यांची मेहनत पाण्यात. ते एक वेळ चाललं असतं. पण सात नंबरच्या रक्तात मात्र ती भरपूर होती. दोनदा तपासलं, दोनदा तेच. आणि सात नंबर म्हणजे हिची आई! विभागात कुजबुज सुरू झाली, की निकाल येईना म्हणून पोरीनेच आईच्या नळीत हळद मिसळली. गुरुवारी चौकशी. खोटेपणा ठरला तर नाव काढून टाकणार.

"मी नाही गं काही केलं, मावशी," ती रडत होती. "माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

मी झारा खाली ठेवला. कारण रक्त द्यायच्या दिवशी पहाटे कसीराने माझ्याकडून दोन गरम तेंपे नेले होते. उपास आहे हे मला माहीत नव्हतं, पण नेले होते हे पक्कं. मी शेजारी टोपली उतरवून बसलेल्या कसीराकडे पाहिलं. ती पेला विसळत होती आणि तो पेला काही केल्या विसळून होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सस्त्रो उकिडवा बसून राहिला आणि कसीरा त्याच्याकडे गेलीच नाही. ती टोपली बांधून माझ्यासमोर उभी होती. "पाइनेम, सोलोला चल. दोन तेंपे तुझे होते."

"माझ्यावर कशाला घालतेस? मी कढईपुरती!"

पण गेले. बसमध्ये तेंपेचा डबा मांडीवर धरून मी सगळा रस्ता तिला बोलून घेतलं, आणि ती पहिल्यांदाच काही उलटून बोलली नाही.

वेनिंगच्या गुरू बू विदारी. बू म्हणजे बाई. नाकावर चष्मा, आवाजात सुरी. वेनिंग कोपऱ्यात उभी होती, आम्हाला बघून पांढरीफटक पडली. कसीराने टोपली उतरवली आणि बोलून टाकलं.

"बू, पोरीचा दोष नाही. मी चोरी केली. येताना तेंपे खाल्ले. मग तुमच्या मोरीत जाऊन पिंपळी चावली आणि बाटलीतलं नारळाचं दूध प्याले. मग तिची पूड घेतली."

"उपास सांगितला होता ना?"

"सांगितला होता."

"कागदावर अंगठा दिला होता ना?"

"दिला होता."

"मग हा काय पोरखेळ आहे?" बू विदारी अशा कडाडल्या की मी डबा घट्ट धरला. कसीरा मान खाली घालून उभी राहिली. आणि मग बाईंचा आवाज मध्येच थांबला. चष्मा काढून त्यांनी पुसला. "थांबा. पिंपळी आधी? किती आधी?"

"जीभ गार व्हायच्या आत."

"आणि दूध पातळ की घट्ट?"

"पहिलं. घट्ट."

दोन तास त्यांनी कसीराला सोडलं नाही. काळी मिरी हळदीला आत शिरायला मदत करते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणाल्या, स्निग्ध पदार्थांचंही ठाऊक होतं. पण आमच्या परसातली लांब पिंपळी, तीही आधी चावून, वर नारळाचं दूध, असं त्यांच्याकडे कुणी करून पाहिलेलं नव्हतं. गुरुवारी त्यांनी चौकशीत कसीराचा कबुलीजबाब ठेवला आणि वेनिंगवरचा ठपका गेला. कसीराचा नंबर बाद झाला. बारा नवी माणसं बोलावली. सहा जणांना नुसती पूड, सहा जणांना पिंपळी आणि दूध. मग पंधरवड्याने अदलाबदल. पिंपळी कसीरानेच वेचून दिली, पण तिला दारातच थांबवायचे. "माझा काही भरवसा नाही," असं ती पहारेकऱ्याला स्वतःहून सांगायची आणि त्याला जामू पाजायची.

निकाल आला. जिथे पिंपळी आणि दूध, तिथे हळद रक्तात, एकदा नव्हे, बाराही वेळा. गल्लीत मी घाण्यावर घाणे काढले. सस्त्रो म्हणाला, "मला आधीच माहीत होतं," आणि त्यावर सगळे त्याच्या अंगावर धावले.

एवढा आनंद, पण वेनिंग आईशी कामापुरतंच बोलायची. मला एकदा म्हणाली, "मावशी, मी तिच्या जामूला नावं ठेवली ना, म्हणून मला खोटं पाडायला तिने हे केलं. माझं नावच गेलं असतं." मी कसीराला विचारलं तर ती म्हणाली, "तिला तसं वाटतंय तर वाटू दे."

शेवटच्या परीक्षेला घरच्यांना मागे बसायची परवानगी होती. आम्ही दोघी नवे कपडे घालून बसलो. तीन परीक्षक. वेनिंग पडद्यावर काठीने रेघा दाखवत फडाफडा बोलली. शेवटी एका पिकल्या केसांच्या परीक्षकाने पान उलटलं.

"पहिल्या वेळी सात नंबर बाद केलाय. नियम मोडला म्हणून. कोण होता हा?"

वेनिंगने मागे वळून पाहिलं. "माझी आई. ती मागे बसली आहे."

सगळ्या माना वळल्या. कसीरा उठली. पदरासारखं ओढलेलं उपरणं तिने सारखं केलं.

"बू," परीक्षक हसत म्हणाले, "नियम माहीत असून का मोडलात? मुलीला धडा शिकवायचा होता?"

"छे हो," कसीरा म्हणाली. "चार महिने खलून खलून तिच्या हाताला फोड आले होते. मला वाटलं, एवढं कष्टाचं औषध, नुसत्या पाण्याबरोबर घेतलं तर वाया जाईल. बाकीच्या अकरा जणांचं माझ्या हातात नव्हतं. निदान माझ्या पोटात तरी पोरीची हळद पोचावी, म्हणून केलं."

वेनिंगने हातातली काठी टेबलावर ठेवली, परीक्षकांना न विचारता खुर्च्यांमधून धावत मागे आली आणि आईच्या गळ्यात पडली. मी तर हमसून रडले, सांगायला कसली लाज.

"आई, अगं, मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर तू मोरीत सोडलं असतंस का मला?" कसीरा म्हणाली, आणि पिकल्या केसांचे परीक्षक आधी हसले, मग सगळा वर्ग.