सरकीमास्तरांनी सूत्र लिहिलं नाही

सरकीमास्तर रस्त्याने निघाले की शेळ्या त्यांच्या मागे लागत. त्यांच्या काळ्या कोटाचे दोन्ही खिसे कापसाच्या जिनातून आणलेल्या सरकीने भरलेले असत, आणि जळगावच्या शेळ्यांना ते ठाऊक होतं. एखादी फारच जवळ आली की मास्तर थांबून तिला सांगत, "बाई, हे बीजगणित आहे. तुला पचायचं नाही." हायस्कूलच्या फाटकापर्यंत ही वरात यायची. पोरं हसायची. मास्तरांना त्याचं काही नसे.

सरकी वर्गसमीकरणांसाठी होती. बाकीचे शिक्षक फळ्यावर सूत्र लिहून ते तीनदा म्हणवून घेत. मास्तरांनी सूत्र कधी लिहिलं नाही. आम्हाला जमिनीवर गोल बसवून ते सरकीच्या दाण्यांनी चौरस वाफा आखत. त्याच्या एका बाजूला सहा हात रुंदीची पट्टी जोडत. वाफा आणि पट्टी मिळून चाळीस चौरस हात. मग वाफ्याची बाजू किती? पट्टीचे दोन उभे भाग करायचे, तीन-तीन हातांचे, आणि ते वाफ्याच्या लगतच्या दोन बाजूंना लावायचे. आता मोठा चौरस होतो, पण एक कोपरा उघडा राहतो. इथे मास्तर हेडमास्तरांची मराठी सोडून आमच्या गावच्या बोलीत शिरत.

"हाई बठ्ठं चौकोन शे का रे?"

"नही मास्तर, कोपरा उघडा शे."

"मंग काय करशी?"

"तीन त्रिक नऊ टाकसू."

"आनि तिकडे, चाळीसमा, कोन टाकी? तुना बाप?"

सगळा वर्ग चुकायचा तो इथेच. डावीकडे नऊ टाकायचे आणि उजवीकडे विसरायचे. दोन्हीकडे टाकले की एकोणपन्नास होतात, मोठ्या चौरसाची बाजू सात, त्यातून तीन गेले, वाफा चार हातांचा. मी चोपड्याकडच्या खेड्यातून आलेला, मिसरूड फुटलेला विद्यार्थी. इंग्रजी सूत्र माझ्या तोंडात बसत नव्हतं. पण बांध, पट्टी आणि उघडा कोपरा मला कुणी शिकवायला नको होता.

मास्तरांचा आणखी एक हट्ट होता. या गणिताला दुसरं उत्तरही येतं, उणे दहा. वाफ्याची बाजू उणे असत नाही, म्हणून आम्ही ते गाळायचो. मास्तर भडकायचे. "दाराशी आलेल्याला न विचारता हाकलता? आधी त्याचं नाव लिहा, मग जागा नाही म्हणून सांगा. कारणासकट."

मॅट्रिकचा फॉर्म शाळेच्या चाचणी परीक्षेवर ठरे आणि त्यावर सही हेडमास्तरांची लागे. ती सही नाही तर परीक्षा नाही. मी चाचणीत सगळी समीकरणं कोपरा भरून सोडवली, उणे उत्तरंही कारणासकट लिहिली. मास्तरांनी पुरे गुण दिले. हेडमास्तरांनी पेपर परत मागवला आणि तांबड्या शाईने एकेक गणित खोडलं. शेरा होता, सूत्र वापरलेलं नाही.

मास्तर त्यांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, आम्ही व्हरांड्यात उभे होतो.

"साहेब, ते सूत्र याच रीतीतून निघतं. तुम्ही आईला घराबाहेर काढून लेकराला पाटावर बसवताय."

"ही शाळा आहे, मास्तर, कापसाचा बाजार नाही. त्या मुलाने वर्गासमोर माफी मागावी, सूत्र वापरीन म्हणावं. मी सही करतो."

दुसऱ्या दिवशी मला वर्गात उभं केलं. सौदा हाच असेल तर माझाही एक बोल होता. मी म्हणालो, "साहेब, ते सूत्र कुठून आलं एवढं फळ्यावर दाखवा. दाखवलंत की इथेच माफी मागतो." हेडमास्तरांनी खडू उचलला नाही. मला वर्गाबाहेर काढलं. फॉर्मची मुदत संपली, माझा फॉर्म गेला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मास्तरही जळगावात दिसले नाहीत. धुळ्याच्या एका लहान शाळेत लागले, एवढंच कळलं.

मी कापसाच्या दलालीत पडलो. माझं तोंड तिखट आहे, बाजारात सगळ्यांना माहीत आहे. मात्र बोललेला भाव मी कधी फिरवला नाही, आणि फिरवणाऱ्याला परत माझ्या दुकानाच्या ओट्यावर चढू दिलं नाही.

पुष्कळ वर्षांनी कामाने धुळ्याला गेलो तेव्हा मास्तरांचं घर शोधून काढलं. मास्तर शिकवणीला गेले होते. काकूंनी चहा ठेवला आणि सहज म्हणाल्या, "फॉर्मची मुदत संपायच्या आधी तुमच्यापायी हे त्या साहेबांच्या घरी गेले होते हो. पोराच्या वतीने मी माफी मागतो, चूक माझ्या शिकवण्याची, म्हणाले. हात जोडले. त्यांनी सही करतो म्हणून शब्द दिला."

माफी घेतली आणि सही दिली नाही! माल उचलून नेला आणि दामाच्या वेळी दार लावून घेतलं. बाजारातला अगदी खालचा माणूसही असं करीत नाही.

संध्याकाळी मास्तर मला मोटारीपर्यंत पोचवायला आले. वाळले होते, पण मान ताठ होती. मी विचारलं, "मास्तर, तुम्ही का वाकलात? मी तर वाकलो नव्हतो."

"तू वाकला नाहीस म्हणूनच," ते म्हणाले. "कुणीतरी एकाने जायला हवं होतं. तू त्यानंतर कुणापुढे वाकलास का रे?"

"नाही."

"मी पण नाही. म्हणजे दोघांत मिळून एकदाच. तेवढं चालतं."

मोटार सुटली. पुढच्या वर्षी मास्तर गेले. मी अजून नॉन-मॅट्रिकच आहे. बाहेरून परीक्षेला बसा म्हणून सांगणारे भेटतात. त्यांना मी सांगतो, माझा फॉर्म एका सहीवाचून अडला आहे, आणि तिची किंमत मास्तरांनी केव्हाच चुकती केली आहे. तेवढं चालतं, असं मास्तर म्हणाले होते. मला अजून चालत नाही.