आबांना दाखवायचा भुंगेरा

पाटणच्या वरच्या अंगाला एका देवराईत, कुजक्या पानांच्या थरात, मला एक भुंगेरा सापडला. खसखशीच्या दाण्याएवढा, तांबूस. त्याच्याबद्दल आजवर कुणी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पुढं प्राणिशास्त्रात संशोधन करता आलं ते आबांच्या पेन्शनीवर आणि कॉलेजातल्या सरांच्या चिकाटीवर. त्यामुळं भुंगेरा आधी कुणाला दाखवायचा, याचा विचार करावा लागला नाही.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त होऊन कडेगावजवळच्या आमच्या गावात थोडा ऊस बघायचे. पलटणीत त्यांची नेमबाजी नावाजलेली होती. गावातही लांबून येणारी एस्टी कुठली, हे बोर्ड वाचून तेच आधी सांगायचे. भुंगेरा सापडला त्याच हिवाळ्यात मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

परतताना एस्टीत आबा म्हणाले, "तुझा त्यो किडा बघून घीन म्हणतो. जमंल तवर."

मी लगेच फोनमधला फोटो पुढं केला. त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ धरला.

"फोटूत काय, काय बी दावत्यात. मला जित्ता दाव. चालतोय कसा त्यो बघू."

जित्ता माझ्याकडं नव्हता. आमची कामाची रीत अशी, की पालापाचोळा चाळून मोठ्या नरसाळ्यात भरायचा आणि वर दिवा लावायचा. उष्णतेनं आतले जीव खाली खाली सरकतात आणि तळाशी ठेवलेल्या स्पिरिटच्या बाटलीत पडतात. तसा तो एकच मिळाला होता, आणि ती मादी होती. नवी जात म्हणून मांडायची तर नरही तपासायला हवा होता. म्हणजे पुन्हा देवराईत जाणं आलं. या खेपेला बाटलीत स्पिरिट न घालता ओला कापूस ठेवायचा, असं मी ठरवलं.

आबा बरोबर आले. त्या राईतलं वाळलं पानसुद्धा देवीला विचारल्याशिवाय बाहेर नेत नाहीत. गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवून कौल लावतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मागच्या खेपेला उजवी पडली होती. पाचोळा काम झाल्यावर परत आणून टाकायचा, एवढीच अट होती आणि ती मी पाळली होती. या वेळी बराच वेळ काही हललं नाही. मग डावी सुटली.

"न्हाई म्हणतीया," गुरव म्हणाला. "पावसाळा सरूद्या. मग या."

राईच्या दगडी गडग्याबाहेर तोच पाचोळा वाऱ्यानं येऊन साठला होता. मी पोतं घेऊन तिकडं वळलो.

"कुठं निघालास?" आबांनी विचारलं.

"आबा, गडग्याच्या भाईर देवीची हद्द न्हाई."

"आन पानं कुणाची हायत?"

"पण तुमचं डोळं..."

"आरं, माझ्या डोळ्यांचा ठेका काय देवीनं घेतलाय? न्हाई म्हटल्यावर न्हाई. गुमान चल." मग गुरवाकडं वळून म्हणाले, "आमच्या सायबाला रांगंत उभं ऱ्हायाची सवं न्हाई बगा."

गुरव हसला. रिकाम्या पोत्याची घडी काखेत मारून आम्ही उतरलो. उतारावर आबा माझ्या खांद्याला धरून चालत होते.

कळी वजनानं आणि ओलाव्यानं पडते, हे मी शिकलेलो आहे. तरी त्या दिवशी मी आबांचं ऐकलं, आणि आजही ऐकेन. तो पावसाळा मात्र मला अजून जड जातो. त्या पावसाळ्यात आबा कप ठेवण्याआधी टेबल चाचपू लागले. आई त्यांच्या वाटेतल्या चपला उचलून ठेवायला लागली.

दिवाळीनंतर उजवी कळी पडली. साताऱ्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओल्या कापसावर भुंगेरे जिवंत उतरले. मी आबांना बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवून मी पलीकडच्या टेबलावर बारीक कुंचल्यानं भुंगेरा बशीत घेत होतो. तेवढ्यात आबा मायक्रोस्कोपवर वाकले.

"हां," ते म्हणाले. "दिसला की. लय देखणा हाय."

बशी अजून माझ्या हातातच होती.

"चालतोय का, आबा?"

"चालतोय तर. तुरुतुरु."

सर आले तेव्हा आबांनी त्यांना हात जोडले. म्हणाले, "पोराचं काम बगितलं. आता काय काळजी न्हाई."

नंतर मी वर्णन लिहायला बसलो. मिशांचे सांधे, पाठीवरची लव, सगळं क्रमानं लिहिलं. जवळच्या जातींना डोळ्यांच्या जागी निदान एखादा ठिपका असतो. याला तोही नव्हता, आणि तीच त्याची मुख्य खूण होती. पाचोळ्याच्या अंधारात राहणाऱ्या जिवांमध्ये हे नवल नाही. पण ‘डोळे नाहीत’ एवढे दोन शब्द लिहायला मला एक अख्खी दुपार लागली. लेख छापून आला, आईनं पेढे वाटले. आबांना मी भुंगेऱ्याचं नाव तेवढं वाचून दाखवलं.

पुढच्या बेंदराला मी गावी होतो. आमच्याकडं त्या दिवशी मातीचे बैल करून पुजतात. ते दरवर्षी आबाच करायचे. आता नुसत्या बोटांच्या अंदाजानं करत होते, तरी शिंगं सारखी आणि वशिंड गोल. डोळ्यांच्या जागी ते जोंधळ्याचे दाणे दाबत होते. उरलेल्या गोळ्याचा मी भुंगेरा केला, वीतभर लांब. पाय केले, पंखांमधली रेघ ओढली. आईनं सवयीनं दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मी मूठ मिटून घेतली आणि भुंगेरा आबांच्या हातात दिला.

त्यांची बोटं पाठीवरून सावकाश फिरली, रेघेवर थांबली.

"हाच व्हय त्यो? तवा लय बारका वाटलेला."

"हाच."

बोटं डोक्याकडं गेली. "डोळं बशिवलं न्हाईस."

"न्हाईत त्याला डोळं, आबा."

आईचा हात परातीत थांबला.

"जल्मापासनं?"

"व्हय."

"मग भागतं कसं त्याचं?"

"मिशांनी चाचपत जातो."

"आन त्याच केल्या न्हाईस व्हय, शाण्या?"

मातीच्या मिशा टिकणार नाहीत म्हणून मी त्या केल्या नव्हत्या. आईनं केरसुणीचे दोन हीर काढून दिले. आबांनी ते स्वतः खोचले, चाचपून पाहिले आणि लांब होता तो नखानं मोडून सारखा केला.

दुसऱ्या दिवशी आईनं बैल ओढ्यात सोडले. भुंगेरा आबांच्या उशाजवळच्या खिडकीत आहे. येता-जाता हात लागून मिशा मोडतात. मी गावी गेलो की आबा आधी तेच सांगतात, आणि मी केरसुणी घेऊन त्यांच्या शेजारी बसतो.