आत्याच्या पापण्या

पार्ल्याची आत्या मान मागे टाकून, हनुवटी वर करून चालायची. नवख्या माणसाला वाटे, बाई भलतीच तोऱ्यात आहे. खरं तर तिच्या दोन्ही पापण्या जन्मापासून अर्ध्या डोळ्यावर उतरलेल्या होत्या. ऑफिसात टायपिंग करायला निघण्याआधी आरशासमोर उभी राहून ती चिकटपट्टीच्या दोन बारीक तुकड्यांनी त्या वर ओढून बसवायची.

तिच्याच पापण्या माझ्याकडे आल्या. ऐंशी सालानंतरची गोष्ट, मी नऊ वर्षांची होते. डॉक्टर बाबांना म्हणाले, "ऑपरेशन करा, नाहीतर नजर कमी होईल. मांडीच्या स्नायूवरच्या आवरणाची बारीक फीत काढू आणि त्या फितीने पापणी कपाळाला टांगू." 'टांगू' ऐकून मला रात्रीत ताप भरला. जेवण सुटलं. एकदा डोळ्यांना बँडेज बांधलं की ते कुणी सोडणारच नाही, अशी माझी खात्री होती.

"दादा, आधी माझं होऊ दे," आत्या बाबांना म्हणाली. "पोरगी बघेल तरी." चाळिशीपर्यंत तिचं काही अडलं नव्हतं.

टाके निघाल्यावर ती आमच्या जोगेश्वरीच्या घरी आली. भुवया उचलल्या की तिचे डोळे टक्क उघडायचे. पहिल्याच दुपारी ती माझ्या शेजारी आडवी झाली. झोप लागली तरी डोळे पुरते मिटले नाहीत, फटीतून नुसतं पांढरं दिसत होतं. आत्या गेली, असंच मला वाटलं. मी तिच्या नाकाशी बोट धरलं.

"जिवंत आहे गं," ती म्हणाली. "मुद्दामच झोपले तुझ्याजवळ. सगळ्यात वाईट काय ते बघून घे. झोपताना मलम घालायचं आणि चिकटपट्टी लावायची. आधी उघडायला लावत होते, आता मिटायला. दुकानदाराचं बरं चाललंय."

मे महिन्यात ऑपरेशनसाठी माझा नंबर लागला. आत नेताना मी तिचा पदर सोडेना. "घाबर, पण चल," एवढंच ती म्हणाली.

सहा-सात वर्षांनी तिची डावी पापणी परत उतरली. पुन्हा ऑपरेशन तिने नको म्हटलं. सकाळी आरशासमोर चिकटपट्टी कापणारी आत्या बघून मला रडू फुटलं. ते तिच्यासाठी नव्हतं, माझीही उतरेल या भीतीचं होतं, याची आज लाज वाटते. तिने माझी हनुवटी धरून दोन्ही डोळे निरखले. "तुझ्या टिकल्यात ना? मग बास."

आत्या आता नाही. माझ्या अजून टिकून आहेत, पण माझ्या मुलीच्या तशाच उतरलेल्या आहेत. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन आहे. तिच्यासमोर मी हसते आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहते. आज दुपारी डोळे मिटायची चिकटपट्टी न लावता मी तिच्या शेजारी झोपले. थोड्या वेळाने माझ्या नाकाशी एक लहानसं बोट आलं.