वायरवरचं बोट

गिअर लावताना माझा भाऊ डोळे मिटतो. सायकल स्टँडवर टांगायची, एका हाताने पेडल फिरवायचं, दुसऱ्या हाताचं बोट वायरवर ठेवायचं आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्याची पद्धत. चेन एका चकतीवरून दुसरीवर चढताना जरा करकरली की स्क्रू पाव फेरा पिळतो, पुन्हा ऐकतो. डोंगरावरून सायकली उडवणारी पोरं कुठून कुठून त्याच्याकडे येतात आणि तो डोळे मिटून उभा राहिला की वर्गात मास्तर आल्यासारखी गप्प होतात. त्यांनीच त्याला कानसेन म्हणायला सुरुवात केली. मी त्याची थोरली बहीण, गल्ल्यावर बसते. हे नाव ऐकलं की मी गल्ल्यातली चिल्लर मोजायला घेते.

कारण या कानसेनाचा उजवा कान ठार बहिरा आहे.

दुकान मुळात बापाचं. त्याच्यासारखी रिमची आउट काढून वाकडं चाक सरळ करणारा गावात दुसरा नव्हता, म्हणून कोणी त्याला वाईट म्हणायचं नाही. आम्हाला मात्र तो हाताला येईल त्याने मारायचा. टायर, पंपाची नळी, एकदा तर चेन. चेनच्या कड्याकड्यांचे वळ माझ्या पोटरीवर अजून आहेत, बघायचे असतील त्याने खुशाल बघावेत.

मी तेरा वर्षांची आणि भाऊ नऊ वर्षांचा असताना मी छर्‍यांचा डबा सांडला. बेअरिंगचे छर्रे, आकारांप्रमाणे निवडून ठेवलेले, पन्नास पुड्या. फळीवरून झाडू काढायला गेले आणि माझ्या कोपराने सगळा डबा दारातल्या गटारात गेला. आवाज ऐकून भाऊ मागच्या खोलीतून धावत आला आणि बिचारा वेचायला खाली बसला. तेवढ्यात बाप आला. कोणी केलं म्हणून त्याने एकदाच विचारलं. मी खाली बघत राहिले. भावाच्या हातात झाकण होतं, संपलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी डोळ्यांनी बघितली आहे. बापाने उघड्या पंजाने त्याच्या कानावर मारलं, मग पुन्हा तिथेच मारलं, मग केस धरून स्टँडच्या पाइपवर दोनदा डोकं आपटलं. कानातून रक्त मानेवर आलं तेव्हा थांबला. मी झाडू हातात धरून उभी होते.

आईने फडकं लावलं आणि विचारलं कोणी तर भिंतीवरून पडला सांगा म्हणाली. रात्री मी तिला खरं सांगितलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला, म्हणाली, आता बोललीस तर तुलाही मारेल, त्याचा कान काही परत यायचा नाही. भावाला कधी कळलंच नाही. पुढे मोठा झाल्यावरही म्हणायचा, माझाच पाय लागला असणार. मी मान डोलवायची. अशी मी.

एका कानाच्या माणसाला ऐकू सगळं येतं. फक्त कुठून येतंय ते कळत नाही. रस्त्यात हॉर्न वाजला की हा भलतीकडे बघतो. बायकोला लग्नानंतर वर्षभराने पत्ता लागला, तोही का, तर भांडण नको असलं की हा डावा कान उशीत दाबून झोपायचा आणि ती बापडी बहिऱ्या कानाला तासभर सुनवायची. बाहेर मात्र आम्ही कोणाला कळू दिलं नाही. एका कानाच्या मिस्त्रीकडे गिअर कोण लावून घेणार? स्टँड त्याने उजव्या भिंतीला चिकटवून घेतला, म्हणजे बोलणारा माणूस कायम डावीकडे. आणि ते वायरवरचं बोट. गिअर पडला की बोटाखाली वायर ताठ होते. कानाला न कळणारं त्याला बोट सांगायचं, आणि इतकी वर्षं सगळं बिनबोभाट चाललं.

मग ही बटणाच्या गिअरची तऱ्हा आली. कानामागून आली आणि तिखट झाली. हिला वायरच नाही. हँडलवर बटण, मागच्या चाकापाशी गिअर, त्यात बोटभर बॅटरी आणि चिमुकली मोटर. दाबलं की झुंई. किंमत म्हणाल तर एका मागच्या गिअरच्या पैशात आमच्याकडे तीन साध्या सायकली घंटीसकट येतात. डोंगरात दगडावर आपटून मोडला तर पुन्हा तेवढेच ओता. वायर तुटली तर दोन चहाच्या पैशात नवी, ती पण मी घालून देते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मी हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणते. भाऊ माझ्यासारखा नाही. तो सांगतो, वायर चिखलाने जाम होते, ओढून ओढून सैल पडते, बटणाच्या गिअरला ते नाही. अंगठा दुखत नाही. पण बॅटरी घरी राहिली तर डोंगरावर एकाच गिअरमध्ये रडत बसाल. आणि शेवटी म्हणायचा, हौस असेल तर घ्या, गरज असेल तर वायरचाच घ्या.

हौस खाणवाल्यांना होती. गावाबाहेर त्यांची दगडाची खाण. दोन मुलगे, थोरला बावीसचा, धाकटा एकोणीसचा, दोघेही डोंगरातल्या शर्यतीत उतरणारे आणि दोघांचं एकमेकांशी हाडवैर. हेल्मेटवरून थोरल्याने धाकट्याचं नाक फोडलं होतं. मग आपण दोघांना पट्ट्याने कसं फोडून काढलं, ते खाणवाल्यांनी माझ्या गल्ल्यावर हात टेकून हसत हसत सांगितलं. म्हणून आता दोघांना सारखे गिअर, एकाच दिवशी, एकाच वेळी. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी ते आले.

आमच्याकडे चालता स्टँड एकच. खाणवाले घाई करायला लागले तशी भावाने माळ्यावरून बापाचा जुना स्टँड उतरवला आणि समोर मांडला. डावीकडे थोरल्याची सायकल, उजवीकडे धाकट्याची, मध्ये हा. त्या पाइपवरचा रंग कुठे उडालेला आहे ते मला बघावं लागलं नाही.

या गिअरमध्ये एक गोम आहे. वायर नसल्यामुळे कोणतं बटण कोणत्या गिअरचं ते आधी त्यांना सांगावं लागतं. गिअरवरचं बारीक बटण दाबलं की दिवा लुकलुकतो, मग हँडलवरचं दाबायचं, की दोघांची गाठ पडली. एका वेळी एक सायकल करावी, नाहीतर गाठ भलत्याच गिअरशी पडते, एवढं साधं आहे. भावाने वेळ वाचवायला दोन्ही दिवे एकदम लावले. मग त्याने दोन्ही पोरांना आपापलं पेडल फिरवायला सांगितलं, डोळे मिटले आणि बटणं दाबायला लागला. दोन चाकं भणभणत होती, खाणवाले फोनवर ओरडत होते, पोरं एकमेकांना शिव्या देत होती. धाकटा म्हणाला, उद्या तुझे दात घशात घालतो. भावाचं बोट सवयीने वायर शोधत हवेत तसंच राहिलं. ते मी बघितलं.

तेव्हा मला बोलायला हवं होतं. आवाज कुठल्या बाजूने येतोय ते याला कळत नाही, हे दुकानात फक्त मला माहीत होतं. एक सायकल उतरव, एकेक कर, एवढंच. मी तोंड उघडलं. खाणवाल्यांनी घड्याळ बघितलं. चारचौघांत भावाला उघडं कसं पाडायचं, म्हणून मी तोंड मिटलं. चेन टकटक स्वच्छ चढली, आधी एक, मग दुसरी. झालं, असं म्हणून भावाने डोळे उघडले. झालं होतं ते उलटं. डावीकडच्या बटणाची गाठ उजवीकडच्या गिअरशी, उजवीकडच्याची डावीकडच्याशी.

आमच्यासमोरचा रस्ता तीव्र उतरत गोदामाच्या लोखंडी शटरपर्यंत जातो. पोरं तिथेच चालवून बघायला निघाली. थोरला पुढे, पेडलवर उभा राहून पूर्ण जोर लावून सुटला. मागे धाकटा, अजून दुकानापासून वीस पावलंही गेला नव्हता, त्याने बटण चालतंय का बघायला ते दाबून धरलं. त्याच्या सायकलला काहीच झालं नाही. थोरल्याची चेन मात्र सगळ्या चकत्या चढत गेली, पायाखालचा जोर एकदम नाहीसा झाला, पाय सुटला. हँडलवरून तो तोंडावर शटरच्या कडेला गेला. आवाज दुकानात ऐकू आला.

मी धावले, मागून रस्त्यावरचे लोक. जबडा एका बाजूला गेला होता. शुद्ध नव्हती. रस्त्यावर दात होते, मी तीन बघितले, पुढे बघवलं नाही. कोणीतरी गाडी आणायला पळालं. धाकटा पांढराफटक पडून सायकल धरून उभा होता आणि एकच वाक्य बोलत होता, मी बटण दाबलं आणि त्याचा गिअर पडला. पोरगं खरं सांगत होतं. खाणवाल्यांना तो कबुलीजबाब वाटला. दात घशात घालतो हे त्यांनीही ऐकलं होतं.

पहिला फटका उघड्या पंजाने, कानावर. तो आवाज मी बत्तीस वर्षांनी ऐकला आणि तरी ओळखला. पोरगं खाली बसलं. त्यांनी त्याला केसांना धरून उठवलं आणि दुसरा मारला. लोक बघत होते. बाप आहे, मारणारच, असं एकजण म्हणाला.

धाकट्याची सायकल माझ्या पायाशी पडली होती. मी ती उचलली आणि हँडलवरचं बटण दाबलं. खाली शटरपाशी आडवी पडलेली थोरल्याची सायकल, तिचा गिअर झुंई करून हलला. मी पुन्हा दाबलं. पुन्हा हलला. माझ्याशिवाय कोणाचं लक्ष नव्हतं. भाऊ दुकानाच्या पायरीवर उभा राहून भलतीकडे बघत होता, मारण्याचा आवाज कुठून येतोय ते त्याला कळत नव्हतं. मी सायकल खाली ठेवली असती तर विषय संपला असता. दुकान राहिलं असतं, कानसेन राहिला असता, भावाभावाचं वैर म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. मला हे सगळं एका क्षणात दिसलं, मी काही साध्वी नाही. पण तिसऱ्यासाठी हात वर गेला आणि पोराच्या कानातून रक्त आलेलं मला दिसलं.

"त्याला मारू नका," मी ओरडले. "चूक आमची आहे. गिअर उलटे जोडले गेले. माझ्या भावाला उजव्या कानाने ऐकू येत नाही."

 भावाने माझ्याकडे बघितलं. बापाने डोकं आपटलं तेव्हाही त्याने असं कोणाकडे बघितलं नव्हतं.

खाणवाल्यांनी पोराला सोडलं आणि ते दुकानाकडे आले. दारातला लोखंडी पायपंप उचलून त्यांनी भावाच्या उजव्या बरगडीत घातला. भाऊ दुमडला. ते लाथा घालत होते आणि तो हात वर करत नव्हता, जन्मात त्याने कोणावर हात उचललेला नाही. तो उजव्या कुशीवर पडला होता, डावा कान वर. खाणवाल्यांनी पंप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. तो कान गेला तर याचं काय उरणार होतं? मी आडवी पडले आणि हात मध्ये घातला. मनगट मोडलं ते मला दुखायच्या आधी ऐकू आलं. तेव्हा कुठे लोकांना हात फुटले आणि चौघांनी त्यांना मागे ओढलं.

थोरला वाचला. जबडा तारेने बांधला आहे, नळीने पितो. धाकट्याचा कान डॉक्टर म्हणतात भरून येईल. आमच्या दुकानाला कुलूप आहे आणि कोणी उघडायची वाट बघत नाही.

भावाच्या तीन बरगड्या मोडल्या. त्याला तपासताना डॉक्टरने उजव्या कानात दिवा घालून बघितलं आणि हे कधीचं म्हणून विचारलं. लहानपणी भिंतीवरून पडलो, भाऊ म्हणाला. अजूनही तेच.

डॉक्टर गेल्यावर मी स्टुलावर बसले, प्लास्टर मांडीवर घेऊन. भाऊ छताकडे बघत पडला होता. मी म्हणाले, छर्‍यांचा डबा मी सांडला होता. तो काही बोलला नाही, पापणीही हलली नाही. रागावला असेल, बरोबरच आहे, असं वाटलं. मग त्याने मान वळवली.

"ताई, काही बोललीस का?"

मी त्याच्या उजव्या बाजूला बसले होते. काही नाही म्हणायला मला पुन्हा वाव होता. मी उठले, एका हाताने स्टूल ओढत पलंगाच्या पायथ्याकडून फिरून डावीकडे आले, बसले आणि पुन्हा सांगितलं. डबा, कोपर, झाडू, आईने तोंडावर ठेवलेला हात, सगळं.

त्याने मान माझ्याकडे वळवली.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

"आणि आज?"

"आजही वाटलीच."

त्याने दात आवळून, बरगड्या धरून, हळूहळू कूस बदलली. डावा कान उशीत दाबला. तोंड मात्र माझ्याकडेच होतं आणि डोळे उघडे होते. मी तिथेच बसून राहिले.