खारीचा चुरा

आमच्या चौकातली बेकरी एका गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. अशा कंपन्या चालते धंदे घेतात, वाढवतात आणि काही वर्षांनी पुढे विकून मोकळ्या होतात, एवढं मला कळतं. पाटी जुनीच आहे. जुने मालक दिनूकाकाही करारात ठरल्याप्रमाणे अजून दोन वर्षं गल्ल्यावर बसणार आहेत.

परवा खारी घेतली आणि सवयीने म्हटलं, "काका, चुरा?" ट्रेच्या तळाशी उरलेला चुरा ते नेहमी कागदात बांधून फुकट द्यायचे. त्यांनी मानेनेच फळीकडे खूण केली. चुऱ्याची आता रंगीत पाकिटं झाली होती.

तक्रार तरी काय करणार? खारी तीच आहे, वजनही चोख आहे. चुऱ्याची पुडी कुठल्याच कागदावर नव्हती, म्हणून ती दुकानाबरोबर विकली गेली नाही. नुसती राहून गेली.

मी पाकीट उचलायला वळले, तेवढ्यात काका म्हणाले, "थांब गं." त्यांनी बरणीतून एक अख्खी खारी काढली, मुठीत चुरडली, पुडी बांधून माझ्या पिशवीत सारली. आणि आपल्याच दुकानात चोरासारखं वर कॅमेऱ्याकडे पाहिलं.